दारावर परीक्षक नसलेला रंगमंच : एडिनबरा फ्रिंज आणि स्पष्ट मताचा इतिहास



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. नाटक हा माझ्या पदवीचा विषय नव्हे. पण गेली बरीच वर्षे आमच्या कला मंडळाचे काम माझ्याकडे आहे, आणि त्या निमित्ताने मुलांच्या एकांकिका, प्रहसने आणि अलीकडे स्टँडअपचे कार्यक्रम मी भरपूर पाहिले आहेत.

एका वर्षी आमच्या मुलांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवली. रंगीत तालीम संपल्यावर दिग्दर्शन करणारी मुलगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, कसं वाटलं? खरं सांगा." शेवटची दहा मिनिटे लांबली होती, मुख्य पात्राचे मन एकाएकी का बदलते ते कळत नव्हते आणि मागच्या रांगेत संवाद पोहोचत नव्हते. मी म्हणालो, "छान झालंय. ऑल द बेस्ट." स्पर्धेत परीक्षकांनी नेमक्या याच तीन गोष्टी सांगितल्या. परतीच्या बसमध्ये तिने विचारले, "सर, तुम्हाला हे दिसलं नव्हतं का?" मला उत्तर देता आले नाही.

प्रयोगशाळेत आपण लोखंडाची कांडी ओढून तोडतो आणि ती ज्या भाराला तुटली तो आकडा जसाच्या तसा वहीत लिहितो. कांडीला वाईट वाटेल म्हणून कोणी आकडा वाढवून लिहीत नाही. मग समोर चाललेल्या प्रयोगाबद्दल खरे सांगताना आपली जीभ का अडखळते? आणि ते खरे मत कलेच्या नेमके काय उपयोगी पडते? हे समजण्यासाठी इतिहासातले एक उदाहरण फार चांगले आहे. स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात दर ऑगस्टमध्ये भरणारा 'फ्रिंज' महोत्सव. तिथे कार्यक्रम निवडणारी समिती नाही. त्यामुळे बऱ्यावाईटाची निवड करण्याचे काम प्रेक्षकांच्या आणि परीक्षणकर्त्यांच्या मतावर येऊन पडले. ते काम मतांनी कसे केले, कुठे नीट केले आणि कुठे बिघडवले, हे या टिपणात पाहू.

१. न बोलावलेले आठ संघ

दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. ब्रिटनमध्ये अन्नधान्य, कपडे, कोळसा सगळ्यालाच रेशन होते. अशा काळात युरोपातील कलावंतांना पुन्हा एकत्र आणावे या हेतूने रुडॉल्फ बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये एडिनबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवला. बिंग हे मूळचे व्हिएन्नाचे, नाझी राजवटीमुळे देश सोडून आलेले. बाँबहल्ल्यांतून बरेचसे वाचलेले, देखणे शहर म्हणून एडिनबरा निवडले गेले. ब्रूनो वाल्टर यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद तिथे वाजला. सगळा थाट निमंत्रितांचा होता.

त्याच वेळी आठ नाट्यसंघ निमंत्रण नसताना शहरात दाखल झाले. सहा स्कॉटलंडचे, दोन इंग्लंडचे. एकाने मॅक्सिम गॉर्कीचे नाटक केले, एकाने 'मॅकबेथ', एका संघाने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणला. एकाचा प्रयोग तर शहराबाहेर, काही मैलांवरच्या डनफर्मलिन इथल्या मठात झाला. त्यांचा हिशेब साधा होता. शहरात पाहुणे आले आहेत, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आले आहेत, तर आपणही आपला खेळ मांडावा. जत्रेत मुख्य मंडपाबाहेर पाल ठोकून बसावे, तसेच हे.

पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने एका स्थानिक वृत्तपत्रात लिहिताना अधिकृत महोत्सवाच्या 'कडेला' खासगी धडपड वाढलेली दिसते, असा उल्लेख केला. त्यासाठी त्याने 'फ्रिंज' हा शब्द वापरला. फ्रिंज म्हणजे झालर, काठ. हेच नाव पुढे रूढ झाले. आज जगात कितीतरी शहरांत 'फ्रिंज' महोत्सव भरतात. त्या सर्वांच्या नावाचे मूळ या एका शब्दात आहे.

२. निवड न करण्याचा नियम

सुरुवातीची काही वर्षे कोणतीच व्यवस्था नव्हती. कोण कुठे प्रयोग करतो आहे हे प्रेक्षकांना समजत नसे. १९५८ मध्ये कलावंतांनी मिळून फ्रिंज सोसायटी स्थापन केली. तिने माहितीपुस्तिका छापायची, तिकिटांची सोय करायची, पण कोणता कार्यक्रम यावा आणि कोणता येऊ नये हे ठरवायचे नाही, असे धोरण घेतले. हा निर्णय नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्यातून घडले.

म्हणजे व्यवहारात काय? तुम्हाला एखादी जागा मिळाली, नोंदणीचे शुल्क भरले, की तुमचा कार्यक्रम पुस्तिकेत आला. चर्चचे सभागृह, दारूच्या गुत्त्याची मागची खोली, विद्यापीठाचा व्याख्यानकक्ष, तळघर, जे मिळेल तिथे प्रयोग. एकाच खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत आठ-दहा कार्यक्रम, प्रत्येकी साधारण तासाभराचे. एक संघ बाहेर पडतो, दहा-पंधरा मिनिटांत दुसरा आपले नेपथ्य लावतो. म्हणून नेपथ्यही सुटकेसमध्ये मावेल एवढेच.

२०१९ मध्ये या महोत्सवात ३,८०० हून अधिक वेगवेगळे कार्यक्रम झाले आणि ३० लाखांवर तिकिटे गेली. आता तुम्ही प्रेक्षक आहात, हातात जाडजूड पुस्तिका आहे, खिशात चार कार्यक्रमांचे पैसे आहेत. कुठले चार पाहाल? पुस्तिकेतला मजकूर ज्याचा त्याने लिहिलेला, त्यामुळे तिथे प्रत्येक कार्यक्रम उत्तमच असतो. अशा वेळी तुम्ही रांगेतल्या अनोळखी माणसाला विचारता, "काल काय पाहिलंत? कसं होतं?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाले, तरच ही सगळी खुली व्यवस्था चालते. निवड दारावर होत नाही, म्हणून ती बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडून होते.

३. आधीचा सेन्सॉर आणि नंतरचे मत

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. फ्रिंजला निवड समिती नव्हती, तरी पहिली वीसएक वर्षे सरकारी सेन्सॉर होता. ब्रिटनमध्ये १७३७ च्या कायद्याने नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. हा कायदा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या काळात आला आणि त्यामागे हेन्री फील्डिंगसारख्यांच्या बोचऱ्या राजकीय प्रहसनांचा मोठा वाटा होता. म्हणजे सत्तेला अस्वस्थ केले ते विनोदाने. यातून पळवाट म्हणून नाट्यगृहे 'सभासदांसाठीचा क्लब' असे रूप घेत. १९६३ मध्ये एडिनबऱ्यात सुरू झालेले ट्रॅव्हर्स थिएटर असेच क्लब म्हणून उभे राहिले. अखेर १९६८ च्या कायद्याने ही पूर्वपरवानगी रद्द झाली.

आपल्याकडचा इतिहासही असाच आहे. १८७६ साली कलकत्त्यात एका प्रहसनात, युवराज एडवर्ड यांना आपल्या घरी अंतःपुरात नेऊन त्यांचे स्वागत करणाऱ्या बड्या वकिलाची टर उडवली गेली. सरकारने आधी अध्यादेश काढला आणि मग त्याच वर्षी नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आणला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' नाटकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. १८७६ चा तो कायदा केंद्र सरकारने २०१८ मध्ये रद्द केला. मात्र महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'च्या वेळी १९७२ मध्ये निर्माते-दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयात जावे लागले, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

सेन्सॉर आणि परीक्षणकर्ता दोघेही कलाकृतीविषयी मत देतात असे वरवर दिसते. फरक वेळेचा आणि अधिकाराचा आहे. सेन्सॉर प्रयोगाआधी बोलतो आणि इतरांना पाहू देत नाही. परीक्षणकर्ता प्रयोगानंतर बोलतो, आणि त्याचे चुकले असे वाटले तर तुम्ही स्वतः जाऊन पाहू शकता. "मला हा कार्यक्रम अजिबात आवडला नाही" आणि "हा कार्यक्रम होता कामा नये" ही दोन वाक्ये वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला शिका. पहिले वाक्य रंगभूमीचे अन्न आहे. दुसरे वाक्य सहज उच्चारणाऱ्याने आधी वरचा इतिहास वाचावा. विनोद करणाऱ्यावर चिडून कार्यक्रमाची जागाच फोडणे तर मत या शब्दाच्या व्याख्येतच बसत नाही.

४. एक परीक्षण आणि एक नाटक

ऑगस्ट १९६६. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा एक संघ एडिनबऱ्यातील क्रॅन्स्टन स्ट्रीट हॉलमध्ये एका नव्या नाटककाराचे नाटक करत होता. 'हॅम्लेट'मधील दोन अगदी दुय्यम पात्रे, रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न. मूळ नाटकात ती येतात, जातात आणि शेवटी ती मेल्याची बातमी एका ओळीत येते. या नाटकात ती दोघेच केंद्रस्थानी होती. आपण इथे का आहोत आणि आपल्याबरोबर काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नाही. लेखक होता एकोणतीस वर्षांचा टॉम स्टॉपर्ड.

या लेखकाचे भारताशी नाते आहे. तो १९३७ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील ज्यू कुटुंबात जन्मला. नाझींमुळे कुटुंब सिंगापूरला गेले, तिथून जपानी आक्रमणामुळे आई मुलांना घेऊन भारतात आली. वडील त्या पळापळीत गेले. स्टॉपर्डचे शाळकरी दिवस दार्जिलिंगमध्ये गेले आणि तिथेच तो इंग्रजीत वाढला. आईने पुढे एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि १९४६ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. आपल्या हाती नसलेल्या घटनांमध्ये ओढली गेलेली दोन माणसे त्याला का सुचली असतील, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. तो अंदाजच राहील, हेही ध्यानात ठेवा.

पहिल्या प्रयोगानंतर आलेली बहुतेक परीक्षणे थंड होती. पण त्या रविवारी 'ऑब्झर्व्हर' वृत्तपत्रात रोनाल्ड ब्रायडन यांनी या नाटकाची मोठी तारीफ केली. ते वाचून लंडनच्या नॅशनल थिएटरचे साहित्य सल्लागार केनेथ टायनन यांनी लगेच संहिता मागवली. टायनन स्वतः त्या काळातले सर्वात धारदार नाट्यसमीक्षक म्हणून गाजलेले होते. एप्रिल १९६७ मध्ये नाटक लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंचावर आले, त्याच वर्षी न्यूयॉर्कला गेले आणि १९६८ मध्ये सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला.

ही गोष्ट नेहमी 'एका परीक्षणाने नशीब उघडले' अशी सांगितली जाते. मला तिच्यातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ज्यांना नाटक आवडले नाही त्यांनीही ते खरेच सांगितले होते. प्रामाणिक मत चुकू शकते. म्हणून एकाच मतावर थांबू नये आणि एकच वर्तमानपत्र असलेल्या गावात नाटकाचे हाल होतात. दुसरी, ब्रायडन यांच्या कौतुकाला वजन होते, कारण न आवडलेल्या नाटकांबद्दलही ते मोकळेपणाने लिहीत. जो प्रत्येकाला छान म्हणतो त्याच्या 'छान'ला किंमत उरत नाही. मी त्या मुलीला दिलेले 'छान' तसेच बिनवजनाचे होते.

५. विनोद आत येतो

फ्रिंजवर विनोद सुरुवातीपासून होता. विद्यापीठांचे विद्यार्थी रात्री उशिरा छोट्या विनोदी प्रवेशांचे कार्यक्रम करत. त्यांची लोकप्रियता इतकी वाढली की अधिकृत महोत्सवाचे संचालक रॉबर्ट पॉन्सनबी यांनी १९६० मध्ये आपणच असा कार्यक्रम आणायचे ठरवले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून ॲलन बेनेट, पीटर कुक, जॉनथन मिलर आणि डडली मूर या चौघांना एकत्र आणले गेले. कार्यक्रमाचे नाव 'बियाँड द फ्रिंज', म्हणजे फ्रिंजच्या पलीकडे. नावात फ्रिंज असले तरी हा कार्यक्रम फ्रिंजचा नव्हता. परीक्षेत हा प्रश्न हमखास चुकतो. पीटर कुकने त्यात पदावर असलेल्या पंतप्रधान मॅकमिलन यांची नक्कल केली. सत्ताधाऱ्याची रंगमंचावर अशी उघड टर उडवणे त्या काळातल्या ब्रिटिश प्रेक्षकाला नवे होते. ब्रिटनमधील राजकीय विनोदाची पुढची पिढी या चौघांचे ऋण मानते.

१९८१ मध्ये फ्रिंजवरील विनोदी कार्यक्रमांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. प्रायोजक कंपनीच्या नावावरून तो पेरिए पुरस्कार म्हणून ओळखला जाई. पहिला मान केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना मिळाला. त्या संघात स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्पसन होते. एकट्या स्त्री कलाकाराला हा पुरस्कार मिळायला मात्र १९९५ साल उजाडले; ती जेनी एक्लेअर. दारावर परीक्षक नसला म्हणजे पूर्वग्रह नाहीसे होतात असे नाही, हे या चौदा वर्षांवरून समजते. २००८ मध्ये पुस्तिकेतला विनोदाचा विभाग प्रथमच नाटकाच्या विभागापेक्षा मोठा झाला. आणि २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा पुरस्कार मुंबईच्या उरूज अशफाकला मिळाला.

स्टँडअपमध्ये मताचा प्रश्न अधिक उघडा असतो. नाटकात न आवडलेला प्रेक्षक गप्प बसतो आणि त्याची शांतता एकाग्रतेसारखी दिसू शकते. विनोदात हसू आले किंवा आले नाही. प्रत्येक वाक्यानंतर मोजमाप होते. म्हणूनच हे कलाकार ऑगस्टमध्ये रोज, ओळीने वीस-पंचवीस दिवस तोच तासाभराचा कार्यक्रम करतात. काल जिथे हसू आले नाही ती जागा आज बदलतात. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रणालीच्या निर्गमाचा काही भाग परत प्रवेशाकडे आणून चूक कमी करत नेणे, ज्याला आम्ही पुनर्भरण म्हणतो, ते इथे रोज रात्री घडते. पण मित्रांना पुढच्या रांगेत बसवून मिळवलेले हसू म्हणजे बिघडलेला मापक. त्याच्या भरवशावर केलेली दुरुस्ती चुकणारच.

६. तारे, पत्रके आणि बनावट परीक्षण

कार्यक्रम वाढले तशी परीक्षणे लहान होत गेली. पाचपैकी किती तारे, एवढेच लोक पाहू लागले. एडिनबऱ्याच्या मुख्य जुन्या रस्त्यावर, रॉयल माइलवर, कलाकार स्वतः पत्रके वाटत उभे असतात. चांगले परीक्षण आले की रातोरात तारे छापलेली पट्टी पत्रकांवर स्टेपल केली जाते. तीन तारे म्हणजे खरे तर 'चांगला'. पण पत्रकावर ते कोणी लावत नाही.

तारे देणारे कोण? मोठ्या वृत्तपत्रांचे अनुभवी समीक्षक आहेत. 'द स्कॉट्समन' या एडिनबऱ्याच्या वृत्तपत्राने १९७३ पासून नव्या नाट्यलेखनासाठी 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार सुरू केले, ते आजही मानाचे आहेत. फीबी वॉलर-ब्रिजच्या 'फ्लीबॅग' या एकपात्री प्रयोगाला २०१३ मध्ये तो मिळाला. पुढे त्यावर गाजलेली दूरचित्रवाणी मालिका झाली. दुसरीकडे, १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'थ्रीवीक्स'सारख्या प्रकाशनाने विद्यार्थ्यांना परीक्षण लिहिण्याचे शिक्षण देऊन मैदानात उतरवले. त्यामुळे मोठी वृत्तपत्रे जिथे पोहोचत नाहीत अशा तळघरातल्या कार्यक्रमांवरही कोणीतरी लिहू लागले. तक्रारही आली की वीस वर्षांच्या मुलाने तीन ओळींत कोणाच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लावावा का. तक्रार रास्त आहे. पण तो मुलगा तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसासारखाच सामान्य प्रेक्षक आहे, हेही तितकेच रास्त. दोष वयाचा नाही. दोन तारे देऊन कारण न सांगणे हा दोष आहे.

आता एक गमतीची गोष्ट. १९८९ मध्ये माल्कम हार्डी या विनोदी कलाकाराने मित्राच्या मदतीने स्वतःच्याच कार्यक्रमाचे तोंडभरून कौतुक करणारे परीक्षण लिहिले, त्यावर 'द स्कॉट्समन'च्या एका खऱ्या समीक्षकाचे नाव टाकले आणि ते कचेरीत नेऊन दिले. वृत्तपत्राने ते छापले. फ्रिंजच्या जगात ही खोडी इतकी गाजली की हार्डीच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने प्रसिद्धीच्या सर्वात चलाख युक्तीसाठी एक पुरस्कारही देण्यात येऊ लागला. आपण हसतो. पण बनावट परीक्षण वाचून तिकीट काढणाऱ्याचा एक तास गेला, आणि शेजारच्या खोलीत खरेच चांगले काम करणाऱ्याचा एक प्रेक्षक गेला. आज पैसे देऊन अभिप्राय लिहून घेण्याचा धंदा सगळीकडे आहे. हार्डीची खोडी निदान हाताने लिहिलेली होती.

७. खुल्या दाराची किंमत

कोणालाही येता येते, हे वाक्य पूर्ण करायचे तर 'ज्याला परवडते त्याला' असे जोडावे लागते. जागेचे भाडे, नोंदणी, छपाई आणि ऑगस्टमध्ये कडाडणारे राहण्याचे दर हे सगळे कलाकाराच्या खिशातून जाते. बहुतेकांचे पैसे परत येत नाहीत. म्हणजे समितीने सोडलेली निवड काही अंशी पैशाने केली. यावर उतारा म्हणून १९९६ मध्ये पीटर बकली हिल यांनी 'फ्री फ्रिंज' सुरू केली. जागा फुकट, प्रवेश फुकट, शेवटी कलाकार दाराशी बादली धरून उभा. ज्याला जेवढे वाटेल तेवढे त्यात टाकावे. तमाशा किंवा रस्त्यावरचा खेळ पाहिलेल्या भारतीय माणसाला ही पद्धत समजावून सांगायला नको. बादलीतले नाणे हेही एक मतच.

२०२० मध्ये कोविडमुळे फ्रिंज प्रथमच रद्द झाली आणि या खुल्या व्यवस्थेचा आर्थिक पाया किती नाजूक आहे ते सर्वांना दिसले.

मुंबईत १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' संस्थेने प्रायोगिक नाटकांना स्वस्तात जागा मिळवून दिली. त्या चळवळीचा जन्म एडिनबऱ्यातून झालेला नाही आणि दोघांना एकाच साच्यात बसवू नये. पण एक धडा समान आहे. नवे काही करणाऱ्याला सर्वात आधी परवडणारी खोली लागते आणि लगेच त्यानंतर खरे बोलणारे पन्नास प्रेक्षक लागतात. यातले दुसरे पुरवणे तुमच्या-माझ्या हाती आहे.

८. स्पष्ट मत कसे द्यावे

वरच्या इतिहासातून मी स्वतःसाठी काही नियम काढले आहेत. तुमच्या महाविद्यालयातल्या पुढच्या कार्यक्रमाला ते वापरून पाहा.

पहिला : आधी पूर्ण पाहा. अर्ध्यातून उठलात तर तसे सांगा, पण शेवटाबद्दल बोलू नका.

दुसरा : काय घडले आणि मला काय वाटले, हे वेगळे सांगा. "तिसऱ्या प्रवेशात माझे लक्ष उडाले" हे मोजमाप आहे. "तिसरा प्रवेश भिकार आहे" हा निकाल आहे. करणाऱ्याच्या उपयोगी मोजमाप पडते.

तिसरा : कारण द्या. कौतुकालाही.

चौथा : कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. नटाचे रूप, रंग, जात, गावाकडची बोली हे परीक्षणाचे विषय नाहीत.

पाचवा : वेळ पाळा. तालमीत सांगितलेले बदलता येते. प्रयोगाला पाच मिनिटे राहिली असताना फक्त शुभेच्छा द्या.

सहावा : तुमचे मत चुकू शकते हे विसरू नका. १९६६ च्या त्या आठवड्यात एडिनबऱ्यात अनेक शहाण्या माणसांचे चुकले होते.

त्या मुलीला मी पुढच्या वर्षी पहिल्याच तालमीनंतर कागद दिला. त्यावर पाच ओळी होत्या, त्यातल्या चार टीकेच्या. तिने त्यातल्या दोन मान्य केल्या आणि उरलेल्या दोनवर माझ्याशी अर्धा तास वाद घातला. त्यातल्या एकीबाबत तिचेच बरोबर होते, ते प्रयोग पाहताना मला कळले. प्रयोगानंतर मी ते तिला सांगितले. तेव्हापासून आमच्या कला मंडळात 'छान झालंय' हे दोन शब्द एकटे वापरायला बंदी आहे. ही एकच बंदी मला मान्य आहे.

स्वाध्याय

१. फ्रिंज सोसायटीने कार्यक्रम न निवडण्याचे धोरण घेतल्यामुळे निवडीचे काम कोणाकोणाकडे गेले? प्रत्येकाचा एक गुण आणि एक दोष लिहा.

२. १७३७ चा ब्रिटिश कायदा आणि १८७६ चा भारतातील कायदा यांच्या जन्मात कोणते साम्य दिसते?

३. 'बियाँड द फ्रिंज' हा कार्यक्रम फ्रिंजचा का मानता येत नाही?

४. सेन्सॉर आणि परीक्षणकर्ता यांतील फरक तुमच्या राज्यातील एखाद्या नाटकाच्या किंवा विनोदी कार्यक्रमाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

५. नुकत्याच पाहिलेल्या एखाद्या जिवंत प्रयोगाचे २०० शब्दांत परीक्षण लिहा. तारे देऊ नका. लिहून झाल्यावर ते प्रयोग करणाऱ्यांपैकी एकाला वाचून दाखवा आणि त्याचे उत्तर खाली लिहा.